अर्जाने नव्हे, कराराने
महापालिकेत नोकरी करणाऱ्या शिकलेल्या मुलामुलींचा हक्क आणि आपली घरे

मागच्या रमजानच्या आधीची गोष्ट. माझी भाची ड्युटी संपवून थेट माझ्याकडे आली. एका महापालिकेच्या प्रसूतिगृहात ती नर्स आहे. चहाचा कप हातात घ्यायच्या आधी तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. “खाला, हा अर्ज जरा बघून दे. मराठी नीट झालंय का?”

अर्ज नेहमीसारखाच होता. ‘मा. महोदय यांस, सविनय सादर की’ अशी सुरुवात आणि ‘आपली आज्ञाधारक’ असा शेवट. तिला नेमणुकीची ऑर्डर सहा महिन्यांची मिळते. सहा महिने संपले की दोन दिवसांचा खंड आणि मग पुन्हा नवी ऑर्डर. चार वर्षे रात्रपाळ्या केल्या, शेकडो बाळंतपणे पाहिली, तरी कागदावर ती दर सहा महिन्यांनी नवीच. त्याच वॉर्डात तेच काम करणाऱ्या कायम नर्सच्या निम्मासुद्धा पगार तिला नाही. कायम करा, निदान पगार तरी वाढवा, अशी विनंती त्या अर्जात होती. हा तिचा सातवा अर्ज. आधीच्या सहांचे उत्तर आलेले नव्हते.

मी विचारले, “तुमच्याकडे संघटना आहे ना? तिच्यात नाव का घालत नाहीस?”

ती जरा घुटमळली. “फॉर्म आणलाय. पण अब्बा नको म्हणतात.”

रात्री दुल्हाभाई तिला न्यायला आले, तेव्हा मी विषय काढला. ते म्हणाले, “आपा, युनियन हे सफाईवाल्यांचं, गिरणीवाल्यांचं काम. मुलीला शिकवलं ते काय गेटवर झेंडा घेऊन उभं राहायला? आणि ऑर्डरच थांबली तर? आहे ती भाकरीही जाईल.”

दुल्हाभाई वाईट माणूस नाहीत. त्यांनी बोलून दाखवले ते आपल्या पुष्कळ घरांत मनात असते. आज आपल्या मुली-मुले महापालिकांच्या दवाखान्यांत नर्स आहेत, लॅबमध्ये तंत्रज्ञ आहेत, औषध विभागात फार्मासिस्ट आहेत, पाणी खात्यात कनिष्ठ अभियंता आहेत, उर्दू शाळांत शिक्षक आहेत. शिक्षणाने त्यांना नोकरीपर्यंत नेले. पण नोकरीत न्याय कसा मागायचा, हे आपण त्यांना शिकवले नाही. आपण शिकवले ते अर्ज लिहायला आणि ओळख शोधायला.

अर्ज आणि करार यांतला फरक

अर्जाला उत्तर आले तर ती मेहेरबानी असते. नाही आले तर कुणाला विचारता येत नाही. करार तसा नसतो. संघटना सगळ्यांच्या वतीने मागणीपत्र देते. प्रशासन तिला चर्चेला बोलावते. दोन्ही बाजू आकडे मांडतात, काही सोडतात, काही धरून ठेवतात. जे ठरते त्यावर दोघांच्या सह्या होतात आणि त्याची मुदत लिहिली जाते. मग तो मोडला तर मोडणाऱ्याला कोर्टात जाब द्यावा लागतो. यालाच सामूहिक वाटाघाटी म्हणतात. हे भांडण नव्हे, हा व्यवहार आहे.

त्यात फक्त पगार नसतो. एका नर्सने एका पाळीत किती रुग्ण सांभाळायचे, रात्रपाळीनंतर सुट्टी कशी द्यायची, बदलीचा नियम कोणता, अभियंत्याला मॅनहोलची पाहणी करायला पाठवताना कोणती सुरक्षा साधने द्यायची, शिक्षकाला वर्ग सोडून किती दिवस इतर कामांना लावायचे, हे सगळे त्या टेबलावर येऊ शकते. ज्याला काम ठाऊक आहे, त्याचे म्हणणे तिथे ऐकले जाते.

नागपूरच्या निकालाची आठवण

महापालिका काही कारखाना नाही, मग तिच्या नोकरांना कामगार कायदे कसे लागू, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच राज्यातल्या एका शहराच्या खटल्यातून मिळाले आहे.

१९५६ साली, नागपूर मध्य प्रदेशात होते तेव्हा, नागपूर महापालिका आणि तिचे कर्मचारी यांच्यात वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, भत्ते, कामाचे तास, रजा यांवरून वाद उभा राहिला. सरकारने तो औद्योगिक न्यायालयाकडे सोपवला. महापालिकेचे म्हणणे असे की, आम्ही नफ्यासाठी काम करत नाही, आम्ही स्थानिक राज्यसंस्था आहोत, त्यामुळे हा कायदा आम्हाला लागूच नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६० साली न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी निकाल लिहिला. कायदे करणे, न्यायदान करणे ही राज्याची खास कामे झाली. पण पाणी, दिवाबत्ती, आरोग्य, बागा, बांधकाम, प्राथमिक शिक्षण या सेवा खासगी माणूसही देऊ शकतो. तीच सेवा महापालिकेने दिली म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही. न्यायालयाने एकेक खाते तपासले आणि आरोग्य खात्यापासून शिक्षण खात्यापर्यंतची खाती ‘उद्योग’ या व्याख्येत घातली. पुढे १९७८ साली बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ही व्याख्या आणखी रुंद केली.

म्हणजे ज्यांनी हा हक्क मिळवला त्यांच्यात दवाखान्यांतले, शाळांतले, अभियंता खात्यातले लोकही होते. दुल्हाभाईंना वाटते तसा तो फक्त झाडूवाल्यांचा प्रश्न कधीच नव्हता.

तरी एक अडथळा राहतो. खाते उद्योगात मोडले, तरी त्यातली प्रत्येक व्यक्ती कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ असेलच असे नाही. अंगमेहनतीचे, कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारे त्यात येतात. व्यवस्थापकीय अधिकार असलेले येत नाहीत. न्यायालय पदाचे नाव पाहत नाही, मुख्य काम कोणते ते पाहते. त्यामुळे ‘अधिकारी’ अशी पाटी लावली म्हणून हक्क आपोआप जात नाही. शिक्षकांच्या वाट्याला मात्र वेगळाच निकाल आला. गोव्यातल्या एका खासगी शाळेतील शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितले की, शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा कामगार नाही. शिकवणे हे त्याहून उदात्त कार्य आहे, असा त्यामागचा विचार. मान मोठा मिळाला, पण औद्योगिक न्यायालयाचे दार बंद झाले.

म्हणून शिक्षकांनी हात जोडले असे नाही. त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू नाही असा निकाल २००४ साली आला. त्यानंतर २००९ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. एक दार बंद असले तर संघटित माणसे दुसऱ्या दारी जाऊ शकतात. एकटा माणूस पहिल्याच दारात बसून राहतो.

आपल्या राज्याच्या कायद्यात काय आहे

महाराष्ट्रात १९७१ चा एक कायदा आहे. कामगार संघटनांना मान्यता देणे आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणे, हे त्याचे नाव आणि हेच त्याचे काम. तो १९७५ पासून अमलात आला. भाचीच्या फॉर्मशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून त्यातल्या चार गोष्टी इथे सांगते.

पहिली, ज्या आस्थापनेत पन्नास किंवा अधिक कर्मचारी आहेत, तिथे सहा महिने किमान तीस टक्के सभासद असलेली संघटना मान्यता मागू शकते. मान्यताप्राप्त संघटनेशी प्रामाणिकपणे वाटाघाटी करण्यास मालकाने नकार देणे ही कायद्याने अनुचित प्रथा आहे. हा नियम दोन्हीकडे लागू आहे. संघटनेनेही प्रामाणिक चर्चा टाळली तर तीही दोषी ठरते.

दुसरी, संघटनेत गेलीस तर नोकरी जाईल, अशी धमकी देणे हीच अनुचित प्रथा आहे. दुल्हाभाईंच्या भीतीचे उत्तर कायद्यात लिहून ठेवलेले आहे. ते आपोआप चालून येत नाही, त्यासाठी तक्रार करावी लागते आणि ती घटनेपासून नव्वद दिवसांच्या आत करावी लागते.

तिसरी, कायम नोकरीचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे बदली, हंगामी किंवा तात्पुरते ठेवणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. आणि इथे एक बारकावा आहे. जिथे मान्यताप्राप्त संघटना आहे, तिथे या प्रकारची तक्रार संघटनेमार्फतच चालते. एकट्याने जाता येत नाही. भाचीचे सहा अर्ज फाइलीत का पडून राहिले, याचे उत्तर थोडेसे इथेही आहे.

चौथी, २००६ साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियमबाह्य भरती कायम करण्यावर मर्यादा घातली. तेव्हापासून प्रत्येक कार्यालयात हा निकाल दाखवून लोकांना परत पाठवतात. पण २००९ साली एसटी महामंडळाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, १९७१ च्या कायद्याखाली अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाचे अधिकार त्या निकालाने संपत नाहीत. मंजूर पदच नसेल तर मात्र अडचण येते. पगाराबाबत २०१६ चा जगजित सिंग खटल्याचा निकालही हाताशी ठेवावा. तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला नियमित वेतनश्रेणीचा किमान पगार मिळाला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिताही अमलात आली आहे. तिच्यात एक्कावन्न टक्के सभासद असलेल्या संघटनेला एकमेव वाटाघाटी करणारी संघटना मानले आहे. तेवढे कुणाकडेच नसतील, तर वीस टक्क्यांना एक प्रतिनिधी या हिशेबाने परिषद बनते. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सक्तीची आहे. म्हणजे सभासदसंख्येचे वजन आता आणखी वाढले. जो बाहेर उभा राहतो, तो स्वतःच्याच बाजूचे पारडे हलके करतो.

समोर बसणारा मालक कोण

महापालिकेत वाटाघाटी अवघड का होतात, हेही समजून घ्यावे. कारखान्यात मालक एक असतो. इथे कारभार आयुक्तांच्या हाती, पैशाची मंजुरी स्थायी समितीकडे आणि किती पदे भरायची त्याच्या आकृतिबंधाला मान्यता राज्य शासनाची. कर्मचारी आयुक्तांकडे गेला की ते मंत्रालयाकडे बोट दाखवतात. मंत्रालयात गेला की ऐकायला मिळते, महापालिकेच्या उत्पन्नाचे बघा. मुंबईत तर मार्च २०२२ नंतर काही वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते, प्रशासकाच्या हाती सगळे होते.

त्यात आस्थापनेचा खर्च उत्पन्नाच्या पस्तीस टक्क्यांवर जाऊ नये, अशी शासनाची अट आहे. हेतू वाईट नाही. नागरिकांचा सगळा कर पगारातच गेला तर रस्ते-पाणी कुठून होणार? पण त्यातून एक पळवाट निघते. माणूस ठेक्यावर किंवा मानधनावर घेतला की तो आस्थापनेवर दिसत नाही. प्रसूतिगृहात मात्र तो रोज दिसतो, कारण काम तर कायमचेच आहे.

अशा वेळी एकटा कर्मचारी या दारातून त्या दारात फिरत राहतो. संघटना तिन्ही दारे एकाच वेळी ठोठावू शकते.

आणि ज्यांना आपण कमी शिकलेले समजतो, त्यांनी हे करून दाखवले आहे. मुंबई महापालिकेच्या कामगारांची संघटना जॉर्ज फर्नांडिस यांनी बांधली आणि शरद राव यांनी ती पुढे दीर्घकाळ चालवली. कचरा उचलणाऱ्या सुमारे २७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निर्णय कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढून मिळवला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यांच्यातल्या अनेकांना आपला अर्जही स्वतः लिहिता येत नसेल. पण त्यांनी अर्ज लिहिलाच नाही, एकत्र तक्रार केली. हे मी दुल्हाभाईंना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले.

दीन काय शिकवतो

घामाचे मोल घाम वाळण्याआधी द्यावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण सगळेच सांगतो. ती मालकाला उद्देशून आहे. पण मालक ऐकत नसेल तर काय करावे? याचेही उत्तर सीरतमध्ये आहे.

प्रेषित्व मिळण्याच्या आधी मक्केत यमनमधल्या जबीदचा एक व्यापारी माल घेऊन आला. कुरैशच्या एका बड्या सरदाराने माल घेतला आणि पैसे द्यायला नकार दिला. परका, एकटा माणूस. त्याने दाद मागितली, पण बड्या माणसाशी वैर कोण घेणार? शेवटी काही घराण्यांचे लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले. ज्याच्यावर अन्याय होईल त्याच्या पाठीशी आपण सगळे एक होऊन उभे राहू, अशी शपथ त्यांनी घेतली आणि त्या व्यापाऱ्याचे येणे वसूल करून दिले. हाच हिल्फुल फुजूल. प्रेषित (स.) त्या वेळी तरुण होते आणि त्या शपथेत सामील होते. पुढे इस्लामच्या काळातही, अशा करारासाठी कुणी बोलावले तर मी आजही जाईन, अशा अर्थाचे त्यांनी सांगितल्याचे सीरतचे ग्रंथ नोंदवतात. एकट्याची विनंती वाया गेली आणि एकत्र आल्यावर हक्क मिळाला, ही घटना आपण मुलांना मोठ्या अभिमानाने सांगतो. मग मुलगी संघटनेचा फॉर्म घेऊन आली की का घाबरतो?

कराराचे उदाहरणही कुरआनात आहे. सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अ.) मदयनला पोहोचतात. तिथल्या वृद्ध गृहस्थांची मुलगी वडिलांना सुचवते की, यांना कामावर ठेवा, सामर्थ्यवान आणि विश्वासू माणूसच कामाला उत्तम. मग वडील अट स्पष्ट सांगतात. आठ वर्षे काम, दहा पूर्ण केली तर ती तुमची मर्जी, तुम्हाला त्रासात टाकण्याची माझी इच्छा नाही. मूसा (अ.) मान्य करतात, पण हेही स्पष्ट करून घेतात की, यांतली कोणतीही मुदत पूर्ण केली तरी माझ्यावर जादा भार नको. आणि या बोलण्यावर अल्लाहला साक्षी ठेवतात. मुदत ठरलेली, मोबदला ठरलेला, दोन्ही बाजू उघडपणे बोललेल्या. प्रत्यक्ष प्रेषिताने आपली अट बोलून दाखवली, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

सार्वजनिक खजिन्यातून पगार घेण्याचेही तसेच. हजरत अबू बक्र (र.) खलीफा झाल्यावर नेहमीप्रमाणे कापडाचा गठ्ठा घेऊन बाजारात निघाले. हजरत उमर (र.) यांनी अडवले तेव्हा म्हणाले, मग माझ्या घरच्यांनी खायचे काय? तेव्हा चर्चा होऊन बैतुलमालमधून त्यांच्यासाठी मध्यम राहणीचा खर्च ठरवण्यात आला. ती खैरात नव्हती, कामाचा मोबदला होता, आणि तो त्यांनी स्वतः ठरवला नाही, सल्लामसलतीने ठरला.

ही अमानत दोन्ही बाजूंना आहे. महापालिकेच्या दवाखान्यात येणारी बाई गरीब असते. तिला खासगी रुग्णालय परवडत नाही, म्हणून ती इथे येते. तिच्या प्रसूतीच्या वेळी वॉर्ड रिकामा सोडून मिळवलेला हक्क आपल्याला शोभणार नाही. कायद्यानेही या सेवांवर मेस्मासारखी बंधने घातली आहेत, आणि संप हा सरकारी कर्मचाऱ्यांचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली म्हटले आहे. म्हणूनच टेबलावरची चर्चा जास्त महत्त्वाची ठरते. काळी फीत, ड्युटी संपल्यावरची निदर्शने, लवाद, औद्योगिक न्यायालय हे मार्ग आधी आहेत. आणि प्रशासन वेळेवर चर्चेला बसले, तर रुग्णाला वेठीस धरण्याची वेळच येत नाही. चर्चेला न बसणाऱ्यावर त्याची जबाबदारी आधी येते.

घराने काय करावे

मुलगी किंवा सून पालिकेत असेल तर तिच्या नेमणुकीच्या सगळ्या ऑर्डरी, हजेरीच्या प्रती आणि पगाराच्या स्लिपा एका फाइलीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. खंडाच्या दिवशीही काम करून घेतले असेल तर त्याची नोंद आणि पुरावा ठेवा. संघटनेत नाव घालण्याआधी ती कुणाची आहे, हिशेब दाखवते का, वर्गणीची पावती देते का, तिच्या समितीत बायका आहेत का, हे जरूर विचारा. कोणत्याही राजकीय पुढाऱ्याची जहागीर झालेली संघटना असेल तर तिथे प्रश्न विचारायला माणसे हवीतच. आधी झालेला करार मागून वाचा, कारण तो सभासद नसलेल्यांनाही लागू असतो. आणि सभेला जायचे असेल त्या संध्याकाळी घरातल्या कुणीतरी तिची मुले सांभाळावीत. आपल्याकडच्या कितीतरी मुली भीतीपेक्षा या एका कारणाने सभेला जात नाहीत.

ईदनंतर भाची पुन्हा आली. या वेळी अर्ज नव्हता, वर्गणीची पावती होती. दुल्हाभाईंनी फॉर्मवर काही म्हटले नाही, पण सभेच्या दिवशी स्कूटरवरून तिला सोडून आले आणि सभा संपेपर्यंत बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले. तिची ऑर्डर अजून सहा महिन्यांचीच आहे. पण तिच्यासारख्या किती नर्स चार-चार वर्षे ‘नव्या’ आहेत, त्यांची यादी संघटनेने पहिल्यांदाच तयार केली आहे. त्या यादीत तिचे नाव एकटे नाही.